न्यूटचं फुगलेलं पोट

पंढरपूर भागात म्हशीचं पोट फुगलं तर काय झालं ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही. डावी भकाळी वर आली, टिचकी मारल्यावर ढोलासारखा आवाज आला, म्हणजे पोटात वायू कोंडला हे गोठ्यात वावरणारं पोरही ओळखतं. ओला लसूणघास जास्त खाल्ला असेल, हा पहिला अंदाज. कोणी गोडेतेल पाजायला धावतं, कोणी डॉक्टरांना फोन लावतं, आणि जीवावर बेतलंच तर डॉक्टर कुशीत ट्रोकार ही टोकदार नळी घालून वायू मोकळा करतात. लांब, मागे वळलेल्या शिंगांची पंढरपुरी म्हैस या गावाचं नाव मिरवते. तिच्या दुखण्यांची जाण इथे पिढ्यान्‌पिढ्या साठत आली आहे.

काचेच्या टाकीतल्या न्यूटचं पोट फुगलं, तर यातलं काहीही उपयोगी पडत नाही. न्यूट हा शेपटीचा उभयचर, बेडकाच्या नात्यातला. दिसतो पालीसारखा, पण अंगावर खवले नाहीत. महाराष्ट्रात तो निसर्गात सापडत नाही. भारतात तो दार्जिलिंगसारख्या थंड, डोंगराळ मुलखात राहतो. त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण असल्यामुळे तो पाळता येत नाही. जगभर हौसेने पाळले जातात ते चीनमधले लाल पोटाचे न्यूट आणि त्यांचे भाईबंद.

म्हशीच्या पोटात वायू असतो. न्यूटच्या अंगात बहुतेक वेळा पाणी साचलेलं असतं. त्याची कातडी पातळ आहे, तिच्यातून तो श्वासही घेतो. गोड्या पाण्यापेक्षा त्याच्या शरीरातले क्षार जास्त, म्हणून बाहेरचं पाणी कातडीवाटे सतत आत झिरपतं आणि मूत्रपिंडं ते अखंड बाहेर टाकत राहतात. मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय थकलं, जंतुसंसर्ग झाला, टाकीत अमोनिया वाढला, की हे काम बिघडतं आणि प्राणी फुगू लागतो. शिवाय मादीच्या पोटात अंडी असू शकतात, खाताना गिळलेला खडा आतड्यात अडकलेला असू शकतो, गाठही असू शकते. दिसणारं लक्षण एकच, त्यामागची दुखणी निरनिराळी. म्हणून कारण कळण्याआधी औषध देणं मला धोक्याचं वाटतं.

नामदेवांची कथा पंढरीत प्रत्येकाला ठाऊक आहे. कुत्र्याने पोळी पळवली, आणि ती कोरडी खाऊ नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. या कथेत दयेइतकंच मला एक बारीक लक्ष दिसतं: समोरच्या जिवाला नेमकं काय हवं, हे त्यांनी पाहिलं. न्यूटच्या बाबतीत हे लक्ष म्हणजे त्याच्या पाण्याकडे पाहणं. त्याला वेगळ्या भांड्यात, उथळ पाण्यात ठेवावं, म्हणजे नाक वर काढायला धडपडावं लागत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच ते वापरावं, रोज बदलावं, अमोनिया तपासावा. पाणी सोळा ते वीस अंशांच्या आसपास राहायला हवं. पंढरपूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. तिथे हे पंख्याने साधत नाही, पाणी थंड करणारं यंत्र लागतं. साबणाचा किंवा कोरडा हात त्याला लावू नये. सुईने टोचून पाणी काढण्याचा प्रयोग घरी कधीच करू नये. ठरावीक क्षारांच्या द्रावणात ठेवून अंगातलं पाणी ओढून घेण्याचा उपचार आहे, पण त्याचं प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं. अंदाजाने टाकलेलं स्वयंपाकाचं मीठ कातडीला इजा करतं. डॉक्टर साचलेल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहू शकतात, क्ष-किरण चित्र काढू शकतात. मूळ कारण तसंच राहिलं तर काढलेलं पाणी पुन्हा भरतं.

खरी अडचण डॉक्टरची आहे. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 साली सुरू झालं. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं महाविद्यालय आहे. पण तालुक्याच्या दवाखान्याचं काम गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांभोवती उभं आहे, आणि दुधावर घर चालणाऱ्या मुलखात ते योग्यच आहे. उभयचर पाहिलेला डॉक्टर शोधायचा तर पुण्या-मुंबईकडे बघावं लागतं, आणि फुगलेल्या न्यूटला उन्हातला तेवढा प्रवासच भारी पडू शकतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्याच्या सुस्थितीची जबाबदारी तो ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर टाकली आहे. वन्यजीव कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि आंतरराष्ट्रीय व्यापार करारात नोंदलेल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली. कागद झाला, म्हणून उपचाराची सोय झाली असं होत नाही.

जमेना म्हणून न्यूट चंद्रभागेत सोडणं हा तर अपराधच. सॅलमँडर (न्यूटचेच भाईबंद) आणि न्यूटांना मारणारी एक बुरशी 2013 साली नेदरलँड्समध्ये ओळखली गेली. ती आशियातून, बहुधा पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात पोहोचली आणि नेदरलँड्समधल्या फायर सॅलमँडरांचा तिने जवळपास नायनाट केला. 2016 साली अमेरिकेने सॅलमँडरांच्या वीस वंशांची (genus) आयात रोखली ती याच भीतीने. परक्या प्राण्यासोबत कोणता जंतू नदीत उतरेल हे सोडणाऱ्याला दिसत नाही.

घरात न्यूट असेल आणि तो फुगलेला दिसत असेल, तर आजच पाणी तपासा, ते थंड करा, आणि उभयचर जाणणाऱ्या डॉक्टरांना फोन करून इथल्या डॉक्टरांशी त्यांची गाठ घालून द्या. थंड पाण्याची आणि डॉक्टरची सोय नसेल, तर पंढरपुरात न्यूट विकत घेऊ नका.