फलत्याग कोणी करायचा?

मेल्बा लिस्टन यांच्या वाट्याला आलेल्या अप्रसिद्धीबद्दल कुणी हळहळलं, की एक सोयीचं उत्तर मिळतं: खऱ्या कलावंताला नावाची हाव नसते. १९२६ साली कॅन्सस सिटीत जन्मलेल्या या कृष्णवर्णीय जॅझ ट्रॉम्बोनवादक बाईंचा, प्रमुख कलाकार म्हणून, एकच आल्बम आहे. १९५८ साली ध्वनिमुद्रित झालेला. बाकीचं काम डिझी गिलेस्पी, क्विन्सी जोन्स आणि मुख्यतः पियानोवादक रँडी वेस्टन यांच्या नावाखाली वाजत राहिलं. कोणत्या वाद्याने कुठे यायचं, सुरांचे थर कसे लावायचे, एकल वादकासाठी मोकळी जागा कुठे सोडायची, हे सारं लिस्टनबाई लिहून देत. वेस्टन यांच्या १९६० च्या ‘उहुरू आफ्रिका’ या आल्बममधला भव्य वाद्यमेळ त्यांच्याच लेखणीतून उतरला. दाद मात्र वेस्टनना जाते. मग हा निष्काम कर्माचा नमुना मानायचा का?

मला तसं मानता येत नाही. फळाची आसक्ती सोड, असं गीता सांगते ते कर्म करणाऱ्याला. त्याचं फळ इतरांनी परस्पर सोडून द्यावं, असं ती कुठेच म्हणत नाही. गिलेस्पींनी १९५६ च्या परदेश दौऱ्यासाठी लिस्टनबाईंना बोलावलं, तेव्हा बाई कशाला आणली, अशी कुरकुर वाद्यवृंदातच झाली. त्यांनी केलेली बांधणी वाजवून पाहिल्यावर ती थांबली. अशा हवेत मागे राहण्यात स्वेच्छा किती आणि नाइलाज किती, हे दुरून ठरवणारे आपण कोण? त्या मुळातच संकोची असतील, हे मान्य. पण त्यांच्या संकोचाने श्रोत्याच्या कानांना सुट्टी मिळत नाही.

श्रेय ज्याचं त्याला द्यावं, यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे. जॅझ ही सामूहिक कला. तिथे ‘हे माझं’ म्हणणं हाच अहंकार नाही का? आपल्या संतांकडे पाहावं. अहंकार सोडा म्हणून कंठशोष करणाऱ्यांनीही अभंगाच्या शेवटी नाममुद्रा ठेवलीच. या बोलांना मी उत्तरदायी आहे, एवढंच ती सांगते. बढाई तिच्यात नसते. १९८५ मध्ये पक्षाघातामुळे लिस्टनबाईंचं वादन थांबलं, तरी संगणकाच्या मदतीने त्या वाद्यमेळ लिहीत राहिल्या. वेस्टन त्यांचं ऋण उघडपणे मान्य करत, आणि १९९३ चा ‘व्होल्कॅनो ब्लूज’ हा आल्बम तर दोघांच्या नावाने निघाला. त्यामुळे त्यातलं संगीत तसूभरही कमी सामूहिक झालेलं नाही.