करवतीनंतरची वर्षं

तो व्हिडिओ तुमच्याही फीडवर कधीतरी येऊन गेला असेल. डोंगरातून किंवा शेताच्या बांधावरून खणून आणलेलं मेपलचं झाड. मांडीएवढं जाड खोड, वर वाटेल तशा गेलेल्या फांद्या. मग करवत चालते आणि पुरुषभर उंचीचं झाड गुडघ्याएवढं उरतं. पुढच्या दृश्यात तारा गुंडाळलेल्या फांद्या, त्याच्या पुढच्या दृश्यात उथळ कुंडी आणि रंगलेली पानं. सगळं मिळून चाळीस सेकंद. बघणाऱ्यांचे लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, काय कला आहे! दुसरा म्हणतो, हा तर झाडाचा छळ.

दोन्ही पक्ष त्या करवतीकडेच बघत असतात. मला वाटतं, खरा प्रश्न करवत खाली ठेवल्यावर सुरू होतो.

आधी प्रत्यक्षात काय घडतं ते बघू. रानात वाढलेलं झाड आणून त्याचं बोन्साय करायच्या पद्धतीला जपानीत ‘यामादोरी’ म्हणतात, म्हणजे डोंगरातून घेणं. मेपल काढायची चांगली वेळ हिवाळा सरता सरता असते. तेव्हा फांद्यांवरचे डोळे फुगलेले असतात, पण पानं उघडलेली नसतात. झाड खणताना त्याची लांबवर गेलेली मुळं तोडावी लागतात. उरलेल्या मुळांना वरचा सगळा पसारा पोसता येणार नाही, म्हणून वरचंही कापतात. मग ते लाकडी खोक्यात, पाणी झटकन निथळेल अशा जाड्याभरड्या मातीत लावतात आणि थांबतात. निदान एक-दोन वर्षं नुसतं थांबायचं. झाड जगणार की नाही, हे आधी झाडानं सांगायचं असतं.

जगलं, तर सालीखाली झोपलेले डोळे जागे होतात. ते आपल्याला हवे तिथे फुटतीलच असं नाही. माळी समोरून सुरेख फांदी येईल म्हणून वाट बघतो आणि झाड मागच्या बाजूनं फुटतं. मग त्याला आपला आराखडा बदलावा लागतो. एक फूट निवडून ती मोकाट वाढू द्यायची, जाड झाली की कापायची, तिच्यावरची पुढची निवडायची. असं वर्षानुवर्षं केलं की खोड खालून वर निमुळतं होत जातं. जुन्या कापाच्या कडेनं नवी साल हळूहळू चढते. तार वेळेवर काढली नाही तर वाढत्या फांदीत रुतते आणि तिचा वळ वर्षानुवर्षं दिसत राहतो. चाळीस सेकंदांच्या त्या व्हिडिओत दहा-पंधरा वर्षं मावलेली असतात.

आता हे करायचा हक्क आपल्याला कुणी दिला? याची तीन उत्तरं नेहमी ऐकू येतात.

पहिलं उत्तर: झाडाला दुखत नाही. झाडाला मज्जासंस्था नसते, त्यामुळे ‘छळ’ हा शब्द त्याला माणसासारखा लावता येत नाही, हे मला मान्य आहे. पण या उत्तरानं गरजेपेक्षा जास्त सिद्ध होतं. दुखत नाही म्हणून काहीही चालत असेल, तर शंभर वर्षांचा वड गंमत म्हणून पाडणंही चालायला हवं. ते आपल्याला खटकतं. म्हणजे वेदनेखेरीज आणखी काहीतरी आपण मोजत असतो. त्या झाडाला स्वतःची एक दिशा होती, ते कुणाच्या मदतीशिवाय वाढत होतं, हे आपल्याला दिसत असतं.

दुसरं उत्तर: सौंदर्य. या उत्तराला चीनमधल्या एका लेखकानं जुनंच आव्हान देऊन ठेवलंय. गोंग झिझेन यानं १८३९ मध्ये आजारी प्लमच्या झाडांवर एक छोटा निबंध लिहिला. त्या काळच्या रसिकांना प्लम वाकडा, तिरका आणि विरळ फांद्यांचा आवडायचा. म्हणून बागवान सरळ फांद्या कापत, दाट फांद्या विरळ करत, कोवळे कोंब मारत. निबंधात गोंग अशा तीनशे कुंड्या विकत घेतो. त्यांतलं एकही झाड धड नसतं. तो तीन दिवस रडतो, मग कुंड्या फोडतो, दोऱ्या सोडतो, झाडं जमिनीत लावतो आणि त्यांना बरं करायला स्वतःला पाच वर्षांची मुदत देतो. हा निबंध फक्त झाडांविषयी नाही, हे उघड आहे. हुशार माणसांना एका साच्यात पिळून काढणाऱ्या व्यवस्थेवरचा तो राग आहे. तरी झाडांपुरतंही त्याचं म्हणणं उरतंच: सुंदर कुणाच्या डोळ्यांना, आणि किंमत कोण मोजतंय?

तिसरं उत्तर सगळ्यांत वजनदार आहे: ते झाड नाहीतरी मरणारच होतं. कधी कधी हे खरं असतं. इंग्लंडमध्ये शेतांभोवतीच्या झाडांच्या कुंपणांत फील्ड मेपल भरपूर असतो. वर्षानुवर्षं छाटला गेल्यामुळे तो खाली जाड आणि वर बुटका झालेला असतो, म्हणजे बोन्सायसाठी आयताच. असं कुंपण उखडणारच असतील, तर त्यातलं झाड मालकाला विचारून घेऊन जाणं म्हणजे त्याला वाचवणंच. (ब्रिटनमध्ये १९८१च्या कायद्यानं परवानगीशिवाय रानटी रोप उपटणं गुन्हा आहे.) आपल्याकडे मैदानी भागात मेपलला लागणारी थंडी नसते, पण इथले बोन्सायवाले जुन्या भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ किंवा उंबर काढून आणतात, तोही याच न्यायानं. रंगाऱ्यानं तो उपटून फेकलाच असता.

पण हे उत्तर प्रत्येक झाडाला लागू पडत नाही. डोंगरातल्या कड्यावरच्या मेपलला कुणाचाच धोका नव्हता. धोका होता तो त्याच्यावर नजर पडलेल्या माणसाचाच. शिवाय वाचवलेल्या झाडालाही पुढे वीस वर्षं तार गुंडाळत राहायची परवानगी ‘वाचवलं’ या एका शब्दातून निघत नाही.

तिन्ही उत्तरं अपुरी पडतात, कारण ती एका क्षणाचा निवाडा करतात. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतर झालेला बदल. डोंगरावर त्या झाडाला कुणाचीही गरज नव्हती. कुंडीत आल्यापासून त्याला रोज कुणीतरी लागतं. उथळ कुंडीतलं पाणी कडक उन्हात एका दिवसातही संपतं. काही वर्षांनी माती बदलावी लागते, मुळं विंचरावी लागतात. आपण त्या झाडाचा आकार बदलला, त्याहून मोठी गोष्ट केली ती ही: जे स्वयंपूर्ण होतं, त्याला परावलंबी केलं. ज्यानं हे केलं त्याला आता ‘कंटाळा आला’ म्हणायचा हक्क उरत नाही. झाडाला आकार देण्याच्या बदल्यात त्यानं स्वतःची सोडून जायची मोकळीक गमावलेली असते.

आणि झाडं माणसांपेक्षा जास्त जगतात. वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयात एक जपानी पांढरा पाइन आहे. १६२५ पासून तो कुंडीत घडवला जातोय. १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत, स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर, भिंतीआड होता आणि वाचला. १९७६ मध्ये मासारू यामाकींनी तो अमेरिकेला भेट दिला. २००१ मध्ये त्यांचे नातू तो बघायला आले, तेव्हा कुठे संग्रहालयाला तो हिरोशिमातून वाचल्याची गोष्ट कळली. गोष्ट माहीत नव्हती त्या पंचवीस वर्षांतही तिथलं कुणी ना कुणी त्याला पाणी घालतच होतं. मला या झाडात सगळ्यांत मोलाचं हेच वाटतं. अशा झाडाचा मालक कुणीच नसतो. एकानं दुसऱ्याच्या हाती सोपवायची ती राखण असते.

आता माणसांकडे येऊ, कारण मराठीत ‘बोन्साय’ हा शब्द आपण बहुतेक वेळा माणसांसाठीच वापरतो. ‘आईबापांनी त्याचं बोन्साय करून टाकलं’ असं म्हणतो. त्यावर कुणी म्हणेल, मग संस्कारही नकोत का? छाटणी, वळण, शिस्त नसेल तर माणूस घडतो कसा? पण संस्कार आणि बोन्साय यांतला फरक छाटणीत सापडत नाही, छाटणी दोन्हींत असते. मूल आपण घडवतो ते एक दिवस त्याला आपली गरज उरू नये म्हणून. कुंडीतलं झाड घडवतो ते त्याला आपली गरज कायम राहील, असंच. म्हणून झाडाच्या बाबतीत प्रामाणिकपणा म्हणजे थांबणं, आणि मुलाच्या बाबतीत कधीतरी बाजूला होणं. ‘आम्ही तुला घडवलं’ हे वाक्य ऐकलेल्या प्रत्येकाला एक विचारता येईल: घडवलं ते माझ्या पायावर उभं राहण्यासाठी, की तुमच्या कुंडीत शोभण्यासाठी?

मग डोंगरातला तो मेपल घ्यायचा की नाही? कुणाची मनाई किंवा धोका नसलेल्या, खडकावर ठाम उभ्या असलेल्या झाडाला हात न लावणं मला जास्त बरोबर वाटतं, ते कितीही सुंदर असलं तरी. उखडलं जाणारच असलेलं झाड आणायला हरकत नाही. पण फावडं उचलण्याआधी झाडाकडे बघून होणारा आनंद बाजूला ठेवावा आणि स्वतःला साधे प्रश्न विचारावेत. येत्या उन्हाळ्यात मी गावाला गेलो तर याला पाणी कोण घालणार? पंधरा वर्षांनी माझं घर कुठे असेल? माझ्यानंतर हे कुणाकडे जाणार? यांची उत्तरं नसतील तर झाड आहे तिथेच बरं आहे. त्याला अजून आपली गरज पडलेली नाही.