पाहण्याचं पाणी

नागपूरच्या अंबाझरी तलावाची चर्चा निघाली की ती पाच मिनिटांत विवेकानंदांच्या पुतळ्यावर येते. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, तलाव सांडला, नाग नदीचं पाणी काठच्या वस्त्यांत शिरलं, माणसं गेली. सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकाचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हापासून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गाजला. सांडव्याच्या तोंडाशी काही बांधू नये हे सांगायला न्यायालय लागावं, याचंच नवल. पण स्मारक हललं तरी मूळ प्रश्न जागचा हलणार नाही. सगळा दोष ढगफुटीवर टाकणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. ढग कुणाच्या हातात नाही, सांडवा आहे.

मला खटकतो तो याहून समजूतदार वाटणारा युक्तिवाद. तो इंजिनियरही करतात, सकाळी फिरायला येणारे निवृत्त अधिकारीही करतात. धरण 1870चं आहे, दीडशे वर्षं उभं आहे, जुन्या लोकांचं काम पक्कं होतं, उगाच भीती कशाला?

या म्हणण्यात आधी साक्षच एकतर्फी आहे. त्या काळातली जी धरणं फुटली, ती आज साक्ष द्यायला उभी नाहीत. शिवाय मातीच्या धरणाची परीक्षा रोज होत नाही. दीडशे पावसाळ्यांतल्या मोजक्या रात्रीच खऱ्या परीक्षेच्या. बाकी सगळा काळ ते नुसतं उभं असतं. पाणी सांडव्यावरून गेलं तर धरण आपलं काम करतं आहे. तेच पाणी भरावाच्या माथ्यावरून वाहू लागलं तर काही तासांत खेळ आटोपतो, कारण मातीला वाहतं पाणी सोसत नाही. बातम्यांत मात्र दोन्हीला ‘ओव्हरफ्लो’च म्हणतात.

आणि दीडशे वर्षं उभं राहिलं ते नेमकं काय? भराव तोच असेल, पण पाणलोट तो राहिलेला नाही. वाडी आणि हिंगण्याकडे कारखाने, रस्ते, छपरं झाली. पूर्वी जे पाणी जमिनीत मुरून सावकाश यायचं, ते आता धावत येतं. पुराला सामावून घेणारी जागा गाळ खातो. भरावाच्या पोटात पाझर मातीचे कण उचलून नेत असेल तर वरून काही दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. खाली जिथे शेतं होती तिथे घरं आली. म्हणजे धरण तसूभर बदललं नाही तरी त्याचा धोका वाढलाच. भरावावरची झाडं माती धरून ठेवतात, असं मानणाऱ्या मित्रांना एकच सांगेन: झाड मेलं की कुजलेल्या मुळाच्या जागी पाण्याला आयती वाट मिळते.

तरीही खरी मेख मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. अंबाझरी बांधला तो शहराला पाणी पाजायला. ते काम पुढे संपलं. उरलं उद्यान, बोटी, संध्याकाळचा वारा. कामाच्या पाण्याला राखणदार असतो. पातळी रोज लिहिली जाते, विमोचकाची, म्हणजे पाणी सोडायच्या वाटेची, झडप हलती राहते, उन्हाळ्यात साठा उतरतो तेव्हा भरावाची आतली बाजू उघडी पडते आणि खचलेले दगड कुणाच्या तरी नजरेस येतात. पाहण्याचं पाणी मात्र बारा महिने काठोकाठ हवं असतं, कारण उतरलेलं पाणी कुरूप दिसतं. म्हणून शोभेचा तलाव पावसाळ्याला सामोरा जातो तोच भरल्या पोटी.

याचा दाखला जुना आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हानियातलं साउथ फोर्क धरण कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलं होतं. रेल्वे आली, कालवा निकामी झाला, आणि तलाव शेवटी पिट्सबर्गच्या श्रीमंतांच्या क्लबाकडे गेला. उद्योगपती कार्नेगी आणि फ्रिक त्याचे सभासद. पाणी सोडायचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून विकलेले. क्लबाने ते पुन्हा बसवले नाहीत. बग्ग्या जाव्यात म्हणून माथा खाली आणला, मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. 31 मे 1889 रोजी पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं आणि खालच्या जॉन्सटाउनसह त्या खोऱ्यात दोन हजारांहून अधिक माणसं मेली. क्लबाने केलेला प्रत्येक बदल तलाव अधिक रम्य करण्यासाठी होता.

पानशेत धरणाचं फुटणं आपल्याला पाठ आहे. तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांवर खापर फोडणारे मंत्रीही लक्षात आहेत. पण ती पाणी वापरण्यासाठी बांधलेली धरणं. शोभेच्या तलावांची गोष्ट त्यांच्या हिशेबात बसत नाही, आणि कायद्यातही अर्धवटच बसते. 2021चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू होतो. दहा ते पंधरा मीटरमधल्यांना माथ्याची लांबी, साठा, पुराचा विसर्ग अशा काही अटींवर. त्याहून बुटका तलाव सुटतो, मग त्याच्या पायथ्याशी शाळा असो की झोपडपट्टी. मोजायचं ते खालच्या माणसांना, असं मला वाटतं. पण उंचीला पट्टी लावणं सोपं असतं.

उपाय फार मोठा नाही. सांडवा मोकळा हवाच, पण त्याआधी विमोचक चालता हवा आणि मेअखेर तलाव ठरलेल्या पातळीपर्यंत खाली आणायला हवा. मग महिनाभर काठाला चिखल दिसेल, वास येईल, बोटी बांधून ठेवाव्या लागतील, आणि फिरायला येणारे तक्रारी करतील. तेव्हा बोटिंगच्या ठेक्याच्या करारात ही अट आधीच लिहावी, आणि पातळीच्या वहीवर रोज सही करणारा माणूस उद्यान विभागाचा नव्हे, पाणी कळणाऱ्या खात्याचा असावा.