एकच माप
(शास्त्रपाठ : मार्क १०:२-१२)

परूशी प्रभूकडे आले तेव्हा पुरुषाने बायको टाकावी की नाही, एवढेच त्यांना पुसावयाचे होते. टाकलेल्या बायकोने कोठे जावे, हे त्यांतील एकानेही विचारले नाही. मोशेच्या शास्त्रात सूटपत्राची सोय होती, परंतु ते देणारा हात पुरुषाचाच. प्रभूने मात्र घरात शिष्यांस उत्तर देताना जे पुरुषाविषयी सांगितले तेच स्त्रीविषयीही सांगितले. दोघांस माप एकच.

हे माप आम्हां ख्रिस्ती लोकांच्या कायद्यात उतरण्यास फार विलंब लागला. १८६९ साली हिंदुस्थानातील ख्रिस्ती लोकांकरिता घटस्फोटाचा कायदा झाला. त्यात पतीने पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला म्हणजे पुरे होते. पत्नीला मात्र पतीचा नुसता व्यभिचार दाखवून सुटका नव्हती. त्याच्या जोडीला क्रूरपणा, दोन वर्षे टाकून जाणे, असे आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसत्या मारहाणीवरून तर घटस्फोट नव्हताच, वेगळे राहण्याचा हुकूम तेवढा मिळे. इंग्लंडातील कायद्यातून हा भेद १९२३ साली निघाला. येथे तो राहिला. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो अन्याय्य ठरविला आणि २००१ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. म्हणजे १३२ वर्षे! ख्रिस्ती म्हणविणाऱ्या सरकारने ख्रिस्ती लोकांसाठी केलेला हा कायदा प्रभूच्या वचनाहून इतका आखूड असावा, याचे आम्हांस नवल वाटते.

आता व्यभिचार, क्रूरपणा, दोन वर्षांचा त्याग ही कारणे उभयतांस सारखीच लागू आहेत. तरी कोर्टाच्या पायरीवर दोघे सारखे उभे राहतात काय? आमच्या खेड्यांत मुलगी नवऱ्याच्या घरी नांदावयास जाते. घर त्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर, सातबाऱ्यावर नाव त्यांचेच. काडीमोड म्हटला की त्याची एक बायको जाते. तिची चूल, छप्पर, आणि पुष्कळदा लेकरेही जाण्याची भीती असते. म्हणून तिचा पहिला प्रश्न सुटकेचा नसतो, भाकरीचा असतो. कायद्याने हे ओळखले आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या पत्नीस, घटस्फोट झाल्यावरही पुनर्विवाह करीपर्यंत, पोटगी मागता येते, व तो अर्ज ती राहते त्या ठिकाणी करता येतो. हे पूर्वी फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने छळ झालेल्या स्त्रीस राहत्या घरात राहण्याचे संरक्षण मिळते. आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीस, तिची मिळकत न पाहता, सरकारी खर्चाने वकील मिळतो. ही गोष्ट आमच्या मंडळ्यांत फार थोड्यांस ठाऊक आहे.

येथे वडील मंडळींस आम्ही एक विनंती करतो. भांडण झाले की पंच बसतात आणि कागद होतो, “दोघे राजीखुशीने वेगळे राहतात.” लिहिणाऱ्यास वाटते, तंटा मिटला. परंतु परस्पर संमतीने वेगळी राहणारी, किंवा पुरेशा कारणावाचून नवऱ्याकडे राहण्यास नकार देणारी पत्नी पोटगीस मुकते, असे त्याच कलमात आहे. ती मार खाऊन आली असेल तर तसेच लिहा. नाहीतर तिला अंगठा उमटवावयास सांगूच नका.

“देवाला सूटपत्राचा वीट आहे” एवढे सांगून आम्ही पाळक मलाखीचा दुसरा अध्याय पुष्कळदा माहेरी आलेल्या बहिणीपुढेच उघडतो. तो अध्याय पुन्हा वाचावा. तरुणपणच्या पत्नीशी बेइमानी करणाऱ्या पुरुषांसच तेथे संदेष्टा दरडावीत आहे. तिला धीर धरण्याचा बोध करण्यापूर्वी तिच्या नवऱ्याच्या दारी आम्ही किती वेळा गेलो?

शेवटी नोंदवहीविषयी. कोर्टात अगोदर लग्न सिद्ध करावे लागते. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे, नोंदवही ज्याच्या ताब्यात आहे त्याने ठरलेली फी घेऊन खरी नक्कल दिलीच पाहिजे. “तुझ्या नवऱ्याला विचारून देतो” असे म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. फीचे पैसे तिच्याजवळ नसतील तर मंडळीच्या दानातून भरावे, आणि नक्कल त्याच दिवशी तिच्या हाती द्यावी.