कोरे आटे

कराडला आमच्या आळीच्या तोंडाशी बापू सुतारांची पत्र्याची शेड आहे. आत शिरलं की आधी दिसते ती फळ्यांची थप्पी. प्रत्येक दोन फळ्यांच्या मधे लाकडी पट्ट्या सारलेल्या, म्हणजे वारा आरपार खेळतो. त्या थप्पीला कोणी हात लावायचा नाही. लाकूड पुरतं सुकल्याशिवाय बापू त्याला रंधा लावत नाहीत. चाळीस वर्षांत त्यांनी केलेलं एकही दार पावसाळ्यात अडलं नाही, आणि हे आळीतली माणसं परगावच्या पाहुण्यांनाही अभिमानानं सांगतात.

त्या बापूंच्या खालच्या डावीकडच्या दोन दाढा दोन वर्षांपूर्वी काढाव्या लागल्या. तेव्हापासून उजवीकडूनच चावायचं, भाकरी कालवणात भिजवून मऊ करायची, असं चाललं होतं. मग धाकट्या लेकीचं लग्न ठरलं, मार्गशीर्षातलं. पंगतीत चारचौघांसमोर घास तोंडात घोळवत बसायचं नाही, हे त्यांनी मनाशी धरलं. भाद्रपदात मला म्हणाले, "चल रं माझ्यासंगं, ते बोल्टाचं दात बसवून घेतो."

बाजारपेठेतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, रक्त तपासायला पाठवलं. तीन महिन्यांची साखर ९.४ आली. बाईंनी कागद बापूंपुढे ठेवला.

"बापू, ही साडेसातच्या खाली आणा आणि बिडी बंद करा. मग बघू."

"मॅडम, दात बसवायला साखर कशाला बघायची?"

"कारण दात मी बसवत नाही, तुमचं हाड बसवतं. मी नुसता स्क्रू आत ठेवणार. साखर चढलेली असली की जखम लवकर भरत नाही, पू धरतो. बिडीनं हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो."

मग त्यांनी नीट समजावलं. ब्रोनेमार्क नावाच्या स्वीडनमधल्या डॉक्टरांना सशांच्या हाडावर प्रयोग करताना दिसलं, की टायटॅनियमला हाड घट्ट धरून बसतं, सुटता सुटत नाही. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले, आणि ते त्या माणसाला मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं पुरले. पण हाडाला धरायला वेळ लागतो. खालच्या जबड्यात तीन महिने तरी, कधी जास्त. तोवर त्यावर चावायचं नाही. शिवाय आधी थ्री-डी स्कॅन हवा. खालच्या जबड्यातून ओठाला जाणीव देणारी नस जाते, तिच्यापासून दोन मिलिमीटर तरी वर थांबावं लागतं. दाढा काढून दोन वर्षं झाली, तेवढ्यात हाड झिजून उंची कमी झालेली असणार, म्हणून इथे जपायलाच हवं.

चिठ्ठीवर त्यांनी आकडा लिहिला: दोन दातांचे सत्तर हजार. स्कॅन, स्क्रू, वरचा जोड, कॅप, सगळं धरून. "लग्नापुरती काढघालीची कवळी करून देते, पाच-सहा हजारांत होईल. मागे दातच उरला नाही, त्यामुळे ब्रिज टेकवायला जागा नाही."

बापू घरी येईपर्यंत बोलले नाहीत. कवळी हा शब्द त्यांना लागला होता. कवळी म्हणजे म्हातारपण.

पुढच्याच आठवड्यात शहरातला एक बोर्ड त्यांनी वाचला. एका दिवसात पक्के दात, फक्त १४,९९९. आजन्म गॅरंटी. त्या दिवशी मी सोबत नव्हतो, ही चुटपुट मला अजून आहे.

बोर्डावरची किंमत खोटी नव्हती, ती नुसत्या स्क्रूची होती. दोन स्क्रूंचे २९,९९८. वरच्या जोडाचे बारा हजार. कॅपांचे अठरा. हाड कमी पडतंय म्हणून हाडाची पावडर, अकरा. एक्स-रे आणि औषधं, चार. पाऊण लाख झाले. बारा हप्ते, महिन्याला सव्वासहा हजार, आणि पहिला हप्ता खुर्चीत बसायच्या आधी. आरोग्य विम्यात असलं काही सहसा बसत नाही, बापूंचा तर विमाच नव्हता. स्कॅन काढला नाही, साध्या एक्स-रेवर भागवलं. साखर विचारली, बापूंनी "गोळी चालू हाय" म्हणून सांगितलं, आणि तिथेच तो विषय संपला.

संध्याकाळी बापू घरी आले तेव्हा डावा ओठ बधिर होता. भुलीचं असेल, उतरेल. दुसऱ्या दिवशीही तसाच. फोनवर सांगण्यात आलं, होईल कमी हळूहळू. बापूंनी ते मानलं. भूल काही तासांत उतरते. दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल तर नस दबलीय का हे त्याच दिवशी बघून स्क्रू वर घ्यावा किंवा काढावा लागतो, कारण उशीर होईल तशी नस सुधारायची आशा कमी होते. हे बापूंना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तीन आठवडे वाट पाहिली.

लग्न थाटात झालं. पंगतीत बापू दोन्ही बाजूंनी जेवले, मी शेजारीच होतो. पण बासुंदीची वाटी तोंडाला लावली तेव्हा डाव्या कोपऱ्यातून धार हनुवटीवर उतरली आणि ती त्यांना कळलीच नाही. काकूंनी पदरानं पुसली. कळल्यावर बापूंनी वाटी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली नाही. नवरीकडे पाहून हसत मात्र होते.

पौषात हिरडी सुजली. बोट लावलं की मागची दाढ हलायची आणि कडेनं पू यायचा. गॅरंटीचा कागद मी वाचला. स्क्रू निकामी झाला तर कंपनी नवा स्क्रू देणार होती. पुन्हा हिरडी उघडणं, गेलेलं हाड, गेलेले महिने, यातलं काही त्या कागदावर नव्हतं. हप्ते तर चालूच होते. आम्ही पुन्हा बाजारपेठेतल्या बाईंकडे गेलो. "मी सांगितलं होतं" असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. स्कॅन काढला. पुढच्या स्क्रूचं टोक नसेच्या नळीला टेकलेलं होतं, पण तो हाडात रुजला होता. एवढ्या दिवसांनी तो काढून ओठ परत येईलच असं नाही, म्हणून बाईंनी तो तसाच ठेवला. मागचा सैल होता. तो त्यांनी जवळजवळ बोटांनीच फिरवून बाहेर काढला आणि स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला.

बापू खुर्चीतून उठले. गालात कापूस होता. त्यांनी ट्रे जवळ ओढला, स्क्रू पुसून चिमटीत धरला आणि खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला. जुनी दारं, कपाटं खोलताना चाळीस वर्षं स्क्रू काढलेला माणूस तो. चांगला धरलेला स्क्रू निघाला की आट्यांमध्ये लाकडाचा भुसा, तंतू अडकून येतात.

"कोरे हायत आटे," ते म्हणाले. "ह्याला धरलंच न्हाई कशानं."

बाई गप्प राहिल्या. बापूंनी स्क्रू खिशात ठेवला.

त्या दिवसापासून बिडी सुटली. साखर आता सातावर आहे. रिकाम्या जागेचं हाड भरून येईतो बाईंनी काढघालीची कवळी दिलीय, ती रात्री पाण्याच्या वाटीत ठेवायला बापू शिकले. उरलेल्या स्क्रूची कंपनी आणि नंबर असलेलं स्टिकर बाईंनी फाईलमध्ये चिकटवून घेतलं. पुढे वरचा जोड बदलावा लागला तर त्याच कंपनीचा लागतो. ओठाला थोडी झिणझिण येते म्हणतात. ती पूर्ण जाणीव होईल की नाही, ते बाईंनाही सांगता येत नाही.

परवा एक गिऱ्हाईक आलं. अक्षय तृतीयेला वास्तुशांत, मुख्य दार हवंय, थप्पीतल्या खालच्या फळ्या घ्या, पैसे दीडपट घ्या. बापूंनी खालच्या फळीवर तळहात ठेवला.

"हिला अजून पाणी हाय. दिवाळीनंतर या."

"बापू, मुहूर्त आहे हो! दुसरा सुतार देईल."

"दिल. पन तोवर साधं प्लायचं दार लावून देतो, हजारभरात. चालंल की मुहूर्ताला."

गिऱ्हाईक विचार करत उभं राहिलं. बापूंनी खांद्यावरच्या पंच्यानं ओठाचा डावा कोपरा पुसला आणि फळ्यांमधली सरकलेली पट्टी नीट बसवली.