ध्वज आणि शेजाऱ्याचा सल

मोहाडीसारख्या तालुक्याच्या गावी शासकीय इमारतींवर २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी समारंभपूर्वक ध्वजवंदन होते. यांतील १ मे हा दिवस राज्याचा. परंतु त्या दिवशीही चढतो तो तिरंगाच, कारण महाराष्ट्राला स्वतःचा असा अधिकृत ध्वज नाही. एकाच ध्वजाने एकाच्या मनात हर्ष आणि त्याच्या शेजाऱ्याच्या मनात सल जागा होत असेल, तर त्या शेजाऱ्याने काय करावे?

हा सल काल्पनिक नव्हे. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. फाजल अली आयोगाने १९५५ साली विदर्भाचे स्वतंत्र राज्य व्हावे अशी शिफारस केली. ती बाजूस पडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. मुंबईच्या हुतात्मा चौकात ज्या शंभरावर जिवांचे स्मरण केले जाते, त्यांच्या बलिदानाचे फळ म्हणजे हा दिवस. आणि याच दिवशी विदर्भवादी मंडळी काळा दिवस पाळतात. दोघेही मराठीच बोलतात आणि दोघेही खोटे बोलत नाहीत.

बेळगावात याच्या उलट चित्र दिसते. १ नोव्हेंबरला तेथे कर्नाटक राज्योत्सवाचा लाल-पिवळा ध्वज मिरवतो आणि मराठी भाषक काळा दिवस पाळतात. बेळगावच्या मराठी माणसाचा निषेध आपणांस न्याय्य वाटतो आणि नागपूरच्या मराठी माणसाचा मात्र उपद्रवी वाटतो, असे का होते? माझ्या मते ही तत्त्वनिष्ठा नव्हे. ही केवळ आपलेपणाची सोय आहे.

ब्रिटनमध्ये तर अशा दिवसांना संतांचीच नावे आहेत: वेल्समध्ये १ मार्चला संत डेव्हिड, इंग्लंडमध्ये २३ एप्रिलला संत जॉर्ज, स्कॉटलंडमध्ये ३० नोव्हेंबरला संत आंद्रेय. संतांच्या नावामुळे भांडण टळते असे मात्र नाही. बेलफास्टच्या नगरसभागृहावर वर्षभर फडकणारा ब्रिटिश ध्वज यापुढे केवळ ठरावीक दिवशीच लावावा, असा निर्णय डिसेंबर २०१२ मध्ये होताच तेथे दंगली उसळल्या. कापड तेच होते. वाद फक्त दिवसांचा होता!

आपल्या २००२ च्या ध्वजसंहितेत एक नियम आहे, तो मला फार विचारपूर्वक केलेला वाटतो. शोकाचा दिवस स्वातंत्र्यदिनी, प्रजासत्ताकदिनी किंवा एखाद्या राज्यात त्या राज्याच्या स्थापनादिनी आला, तर ध्वज अर्ध्यावर उतरवायचा नाही. अपवाद एकच: ज्या इमारतीत मृतदेह असेल, तेथे तो उतरवावा आणि देह हलविल्यावर पुन्हा पूर्ण चढवावा. आनंदाच्या दिवशी शोक करूच नये, असे हा नियम म्हणत नाही. तो शोकाला एक घर राखून ठेवतो.

दोन अर्थांचा एक दिवस सांभाळणे आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना नवे नाही. १५ ऑगस्टला पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि स्वातंत्र्यदिन एकत्र येतात. मिस्सा आणि ध्वजवंदन एकाच सकाळी होते, आणि यांतले मोठे कोणते असे घरातले पोरही विचारीत नाही. १ मे हा कामगारांचा दिवस. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली तो कामकरी संत योसेफ यांच्या सणासाठी निवडला. मोहाडी-आंधळगावच्या कोसा विणणाऱ्या हातांना त्या दिवशी कोणी वंदन करतो काय, हा प्रश्न येथे थोडा आडवाटेचा, तरी विचारण्याजोगा आहे.

मग त्या शेजाऱ्याने काय करावे? ध्वज आपल्याकडे निष्ठा मागतो. हर्ष मागण्याचा अधिकार त्याला नाही, आणि तो फडकविणाऱ्याला तर मुळीच नाही. नवे राज्य निर्माण करण्याचा अधिकार संविधानाच्या तिसऱ्या कलमाने संसदेला दिला आहे. तेव्हा वेगळे राज्य मागणारा माणूस त्या ध्वजाखाली उभा राहूनच मागत असतो. दंडाला काळी फीत बांधून त्याने तिरंग्याला वंदन केले, तर त्यात ढोंग नाही आणि अवमानही नाही. शेजारचे छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० रोजी याच कलमाच्या आधारे वेगळे झाले. रायपुरातही तिरंगाच चढतो.