बदामाचे एक्का-राजा

पणजीला मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी नांगरलेल्या असतात. त्यांतल्याच एकीवर पोकरची स्पर्धा होती आणि एक मामा-भाचे तिथे खेळायला गेले होते. मामा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. वर्षातून एकदा, ठरवून बाजूला काढलेल्या पैशांत खेळायचे आणि ते संपले की तळलेला बांगडा खाऊन घरी परतायचे. भाचा हिंजवडीत नोकरीला. पत्ते तो मामांकडेच शिकला होता, मे महिन्याच्या सुटीत बदाम सात खेळताना. पोरगा तल्लख, पण धीर म्हणून नाही.

खेळ नो-लिमिट टेक्सस होल्डेम. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात आणि मध्ये सगळ्यांसाठी मिळून पाच उघडतात. आधी तीन, तो फ्लॉप, मग एक टर्न, शेवटची रिव्हर. सातांतल्या उत्तम पाचांवर डाव ठरतो. नो-लिमिट असल्यामुळे समोरच्या सगळ्या चिप्स कधीही पुढे सारता येतात. पण स्पर्धा म्हटल्यावर त्या मध्येच वटवून घरी जाता येत नाही, आणि या स्पर्धेत चिप्स संपल्यावर पुन्हा प्रवेशही नव्हता. सुरुवातीला प्रत्येकी ३०,००० च्या चिप्स, ब्लाइंड, म्हणजे पाने बघण्याआधी पाळीपाळीने दोघांनी लावायच्याच रकमा, ५०-१००. म्हणजे घाईचं काही कारणच नाही अशी स्थिती.

पहिल्या अर्ध्या तासातच भाच्याला बदामाचा एक्का आणि बदामाचा राजा आला. दोन पानांच्या एकूण १,३२६ जोड्या होतात, त्यांत एकाच रंगाचे एक्का-राजा फक्त चार. भाच्याचे कान तापले. समोरच्या चष्मेवाल्या गृहस्थांनी ३०० केले होते. भाचा बटणावर, म्हणजे फ्लॉपनंतर सर्वांच्या शेवटी बोलण्याच्या सोयीच्या जागेवर. त्याने १,००० केले. गृहस्थांनी पुन्हा वाढवून २,६०० केले. आणखी १,६०० घालून फ्लॉप बघता आला असता. भाच्याने होत्या नव्हत्या त्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

गृहस्थांनी श्वास घ्यायलाही वेळ लावला नाही. ‘कॉल’ म्हणाले, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावल्या, आणि इस्पिकचा व किलवरचा असे दोन राजे टेबलावर टाकले.

फ्लॉप पडला: बदामाची नव्वी, बदामाची पंजी, इस्पिकची दुर्री. आणखी एक बदाम पडला की एकाच रंगाची पाच पानं, म्हणजे फ्लश, झालंच! भाचा खुर्चीतून उठून उभा राहिला. टर्नला किलवरची सत्ती. रिव्हरला इस्पिकचा गुलाम. उभा होताच, तसाच बाहेर पडला.

मधल्या सुटीत मामा त्याला शोधत आले.

“फ्लॉपवर माझी जवळजवळ निम्मी संधी होती, मामा. कुठलाही बदाम, नाहीतर कुठलाही एक्का.”

“होती ना. पण तू चिप्स ढकलल्यास तेव्हा फ्लॉप कुठे होता?”

“मग काय, बदामाचे एक्का-राजा टाकून द्यायचे?”

“टाकायला कोण सांगतंय? खेळायचे. मध्ये किती होते?”

भाच्याने बेरीज केली. ब्लाइंडचे १५०, गृहस्थांचे २,६००, स्वतःचे १,०००. “पावणेचार हजार.”

“आणि पावणेचार हजारांसाठी तू तीस हजार लावलेस. तीनशे ब्लाइंड! एवढ्याला पहिल्या टप्प्यात कोण कॉल देतो? ज्याच्याकडे एक्के असतात तो, नाहीतर राजे असतात तो. तुझ्याहून कच्ची पानं असलेले सगळे पानं टाकून मोकळे होणार, आणि पक्की असलेला तेवढा थांबणार. अरे, बिल मंजूर झालं म्हणून आम्ही चेक फाडत नसू. रक्कम खात्यात जमा व्हायची, मग.”

भाच्याला उत्तर सुचलं, ते जुनंच. “१९८२ साली लास व्हेगासला जॅक स्ट्रॉसकडे ५०० ची एकच चिप उरली होती. तेवढ्यावर तो वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकला.”

“त्याच्याकडे एक उरली होती,” मामा म्हणाले. “तुझ्याकडे?”

मग त्यांनी शबनममधून पत्त्यांचा कॅट काढून त्याच्या हातात ठेवला आणि स्वतःच्या टेबलाकडे गेले.

भाचा खोलीवर आला. बदामाचे एक्का-राजा काढून पलंगाच्या कडेला ठेवले, उरलेली पन्नास पानं पिसली आणि तीन उघडली. काही जुळलं नाही. पुन्हा पिसली, पुन्हा तीन. लॉन्ड्रीच्या पावतीच्या पाठीमागे त्याने रकाने आखले आणि खुणा करत गेला. एक्का किंवा राजा जुळायचा तो साधारण तिसऱ्या वाटपाला. दोन बदाम येऊन फ्लशची आशा लागायची ती नऊ वाटपांत एखाद्या वेळी. तिन्ही बदाम, म्हणजे तयार फ्लश, हा रकाना चहा संपेपर्यंत कोराच होता. नवल नाही; हिशेबाने तो योग ११९ वाटपांत एकदा. गुळगुळीत पत्ते बोटांतून निसटत होते, मनगट दुखायला लागलं, तरी तो पिसत राहिला. मला वाटतं, इतकं पुस्तक वाचून कळलं नसतं.

मग मोबाइलवर त्याने दुसरा हिशेब केला. समोर दोन राण्या असतील तर एकाच रंगाचे एक्का-राजा शंभरात ४६ वेळा जिंकतात. वेगळ्या रंगांचे ४३ वेळा. म्हणजे ज्या बदामांमुळे कान तापले, त्यांची किंमत शंभरात तीन. समोर राजे असतील तर ३४. एक्के असतील तर १२.

एवढ्यावरून सूटेड, म्हणजे एकाच रंगाच्या, पानांना कुचकामी म्हणणंही चूक. ती पैसे देतात, पण वेगळ्या वाटेने. भाचा बोटीवर परतला तेव्हा तेच बघायला मिळालं. ब्लाइंड १००-२०० झाले होते. मामांकडे इस्पिकचे एक्का-राणी. पण समोरून ५०० आल्यावर त्यांनी फक्त कॉल दिला होता. फ्लॉपला इस्पिकची सत्ती, इस्पिकची तिर्री, बदामाचा गुलाम. समोरून ९०० आले, मामांनी तेवढेच दिले. तिसरा एक तरुणही आत राहिला. टर्नला इस्पिकची नव्वी. आता तरुणच चेकाळला: ३,०००. मामांनी ८,००० केले. तरुण ऑल-इन, म्हणजे होतं नव्हतं ते सगळं पुढे.

त्याच्याकडेही फ्लशच होता, इस्पिकच्या राजा-अठ्ठीचा. एक्क्याच्या फ्लशपुढे त्याला रिव्हरचं कुठलंही पान वाचवू शकत नव्हतं. मामांच्या चिप्स जवळपास दुप्पट झाल्या. एक्का असलेल्या सूटेड पानांची खरी कमाई ही: दुसऱ्याचा धाकटा फ्लश. तो भेटेपर्यंत चिप्स शिल्लक ठेवाव्या लागतात, आणि राजा-अठ्ठी घेऊन आपणच धाकटे होऊन बसायचं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मामांचा फोटो लावता आला असता. पण पुढचे कित्येक तास मामांना पानंच लागली नाहीत. मध्यरात्र उलटली, ब्लाइंड २,५००-५,००० वर गेले आणि मामांकडे ५६,००० उरले. बक्षिसाची रेघ चार-पाच माणसांवर होती. अशात त्यांना चौकटचा एक्का आणि किलवरचा राजा आला. सूटेडसुद्धा नव्हते. मामांनी पापणी न लवता सगळं पुढे सारलं. समोर दश्शीची जोडी निघाली, पाचही पानं कोरडी गेली आणि मामा हात झटकून उठले.

भाचा उसळला. “सकाळी मी केलं ते मूर्खपण, आणि आता तुम्ही तेच?”

“सकाळी एका फेरीला किती जात होते?”

“दीडशे.”

“म्हणजे नुसतं बसून तुला दोनशे फेऱ्या मिळाल्या असत्या. मला आता सात. सात फेऱ्यांत याहून बरं काय येणार होतं? आणि एवढ्या थोड्या चिप्सना लोक दश्शीने कॉल देतात, अठ्ठीने देतात, एक्का-दश्शीनेही देतात. सकाळी तुला फक्त राजांनी दिला.”

“पण हरलात.”

“हरलो तर. चल, बांगडा कुठे मिळतोय बघू.”

एवढ्या रात्री बांगडा कुठे मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी कमी शुल्काची एक स्पर्धा होती. तिथे सुरुवातीलाच भाच्याला किलवरचे एक्का-राजा आले. समोरून ३००, त्याचे १,०००, पुन्हा समोरून २,६००. भाच्याने कॉल दिला. फ्लॉपला अठ्ठी, अठ्ठी, पंजी. किलवर एकही नाही. समोरून ३,००० आले. त्याने पानं डीलरकडे सरकवली. त्याच्यापुढे २७,४०० उरले होते.

“काय टाकलंत?” शेजारच्याने विचारलं.

“एक्का-राजा. दोन्ही किलवर.”

“सूटेड? आणि टाकला?”

“जुळलं काय होतं त्यात?”

शेजाऱ्याने मान हलवली. ती पटून हलवली की कीव करून, ते भाच्याला कळलं नाही. पुढच्या वाटपात सत्ती-दुर्री आली. तीही त्याने टाकली.